प्रेशरबाई आणि कॉफीचं मशीन

प्रेशरबाईंना मुलाकडे राहायला येऊन चार महिने झाले होते. एवढ्या दिवसांत त्यांनी त्या घरातल्या एकाही यंत्राला हात लावला नव्हता. टोस्टरलासुद्धा नाही.

याला कारण एक वाक्य होतं. त्या आल्या त्या दिवशी सुनेने दारातच त्यांची बॅग हातातून घेतली आणि हसून म्हणाली, "आई, आता तुम्ही फक्त आराम करायचा." बोलणारी बोलून गेली. ऐकणारीने मात्र तो हुकूम समजून पाळायला घेतला. बाईंची सगळी नोकरी लेखी सूचना वाचण्यात आणि त्या शब्दशः पाळण्यात गेली होती. त्यामुळे त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या, आणि बसूनच राहिल्या.

एकतीस वर्षं त्या एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात होत्या. वरच्या मजल्यांवर ऑपरेशनं व्हायची. त्यांना लागणारे चिमटे, कात्र्या, कपडे, सगळं तळघरात वाफेवर निर्जंतुक व्हायचं. तिथे माणूस आत उभा राहील एवढाली दोन वाफेची यंत्रं होती, आणि ती दोन्ही बाईंच्या ताब्यात होती. प्रेशरचा काटा कुठे असायला हवा, तो किती मिनिटं तिथेच थांबायला हवा, यात त्या कुणाचं काही चालू द्यायच्या नाहीत. एकदा मोठे सर्जन हातमोजे घालून, हात वर धरून उभे होते आणि खालून सामान येईना. त्यांनी फोन लावायला लावला. "बाई, पेशंट टेबलावर झोपलाय!" बाई म्हणाल्या, "झोपू दे. अजून सहा मिनिटं आहेत." सहा मिनिटांनीच सामान वर गेलं. तेव्हापासून त्यांचं नाव प्रेशरबाई पडलं. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं उपयोगाला यायचं.

तर अशा बाई आता खिडकीतून समोरच्या इमारतीचं पाणी किती वाजता भरतं हे बघत बसायच्या.

सून गाडी चालवायला शिकवायची. सकाळी सातपासून तिच्या शेजारच्या सीटवर एकामागून एक घाबरलेली माणसं येऊन बसत. तिच्या पायाखाली जादा ब्रेक होता, तिचा दिवस तो दाबण्यातच जायचा. घरातून निघण्याआधी तिला दोन कप कॉफी लागायची, आणि तीही साधी नाही. ओट्याच्या कोपऱ्यात तिचं एक स्टीलचं एस्प्रेसो मशीन होतं. ते तिने शिकवण्याचा परवाना मिळाला तेव्हा जुन्या बाजारातून आणलं होतं आणि घासूनपुसून लख्ख ठेवलं होतं. बटण दाबलं की ते आधी घुरघुरायचं, मग गरम व्हायचं, मग त्यातून दाट काळी धार उतरायची. बाजूच्या नळीतून दुधासाठी फुसकन वाफ निघायची. ती वाफ ऐकली की बाईंची मान आपोआप तिकडे वळायची. मग त्या पुन्हा खिडकीकडे बघायच्या.

एका मंगळवारी सकाळी सुनेने बटण दाबलं आणि अख्ख्या घराची वीज गेली. न्हाणीघरातून मुलाची आरोळी आली, त्याच्या तोंडाला साबण होता आणि गिझर बंद पडला होता. सुनेने मेन स्विच वर केला. मशीन लावलं. पुन्हा सगळं बंद. पुन्हा आरोळी.

"तिसऱ्यांदा नको हं!" मुलगा आतून ओरडला.

तिसऱ्यांदाही तेच झालं.

सुनेने मशीन गाडीत शेजारच्या सीटवर ठेवलं, त्याला पट्टा लावला आणि दुरुस्तीच्या दुकानात नेलं. संध्याकाळी तसंच पट्टा लावून परत आणलं.

"एलिमेंट गेलंय म्हणाला," तिने सांगितलं. "म्हणजे आतलं पाणी तापवणारं. आणि म्हणाला, असल्या जुन्या मशीनचं कोण बदलत बसणार, नवंच घ्या."

"मग घेऊ या की नवं," मुलगा म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात होता. नंबर बदलला की नवा चष्मा, असा त्याचा साधा हिशेब.

सून त्याच्याकडे अशा नजरेने बघून आत गेली की त्याने तो विषय तिथेच सोडला. मशीन जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसलं.

पुढचे आठ दिवस घराने बाटलीतल्या पावडरची कॉफी प्यायली. सून ती औषधासारखी एका घोटात संपवायची आणि नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन घराबाहेर पडायची. एक दिवस तिने स्वतःच सांगितलं, की एका बिचाऱ्या बँकेतल्या बाईंनी सिग्नलला गाडी दोनदा बंद पाडली म्हणून मी त्यांच्यावर एवढी खेकसले की त्या रडायलाच लागल्या. "मला लाज वाटतेय," ती म्हणाली. "एका कॉफीसाठी माणसाने असं वागावं?"

बाई ऐकत होत्या. त्यांचा पाय टेबलाखालच्या मशीनला लागत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. बाईंनी चार महिन्यांत पहिल्यांदा आपली पेटी खालपर्यंत उपसली. शालीच्या घडीत गुंडाळलेलं, वीज तपासायचं एक काट्याचं मीटर बाहेर काढलं. निवृत्तीच्या वेळी इतरांना भिंतीवरची घड्याळं मिळाली होती. बाईंना काय हवं असं विचारलं, तेव्हा त्यांनी इस्पितळाच्या वायरमनचं जुनं मीटर मागितलं होतं. लोक हसले होते, पण दिलं.

त्यांनी टेबलावर पांढरी चादर अंथरली, कारण पांढऱ्यावर पडलेला स्क्रू दिसतो. मशीनचा प्लग काढून तो आपल्या डोळ्यांसमोर ठेवला. टाकीतलं पाणी ओतलं. मुलाच्या खणातून त्याचे पेचकस आणले, त्यातला सगळ्यात मोठासुद्धा काडीएवढा होता, तो परत ठेवला आणि ओट्याखालच्या डब्यातला शोधून काढला. वरचं झाकण निघालं. आत नळ्या, तारा आणि मधोमध मुठीपेक्षा थोडं मोठं पितळी भांडं. चार बोल्टांनी आवळलेलं त्याचं झाकण, आणि त्या झाकणाला खालून जोडलेलं एलिमेंट. बाई मनाशीच हसल्या. हे म्हणजे त्यांच्याच यंत्राचं शेंडेफळ होतं.

तारा सोडवण्याआधी त्यांनी प्रत्येकीला कागदाची चिकटपट्टी गुंडाळून त्यावर आकडा लिहिला. एक, दोन, तीन. मग एलिमेंटच्या दोन टोकांना मीटर लावलं. काटा हलायला हवा होता, तो ढिम्म. एक टोक आणि भांड्याचं पितळ यांना लावलं. काटा हलायला नको होता, तो टुणकन उडाला. म्हणजे आतली तार तुटून बाहेरच्या धातूला टेकली होती. घराची वीज जाणार नाही तर काय होईल?

नेमकं त्याच वेळी दार उघडलं. चारची विद्यार्थिनी आली नव्हती म्हणून सून लवकर परतली होती.

तिने टेबल बघितलं. चादरीवर स्क्रू आकाराप्रमाणे रांगेत मांडलेले, तारा नंबर लावलेल्या, तिचं लाडकं मशीन उघडंवाघडं, आणि सासूबाई नाकावर चष्मा आणि हातात पाना घेऊन.

"आई! हे काय केलंत?"

"अजून काहीच नाही केलं. आत्ता नुसतं बघितलंय."

"अहो, पण विचारायचं तरी! माझं मशीन आहे ते. आणि विजेची वस्तू! मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, की फक्त आराम करा म्हणून?"

बाईंनी पाना खाली ठेवला. "केला," त्या म्हणाल्या. "चार महिने केला. आता पाठ दुखायला लागली आराम करून."

सुनेने दार लोटून घेतलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे तुम्हाला तो हुकूम वाटला?"

"मग काय होतं?"

"अहो, हे म्हणाले होते, आई फार थकलीये, तिला कशाला हात लावू देऊ नकोस. मला वाटलं, तुम्हालाच तसं हवंय. मी रोज मनात म्हणते, या माझ्याशी बोलत का नाहीत? एक कप उचलून ठेवत नाहीत, यांना माझं काही आवडतच नाही की काय?"

"मला वाटलं, तुला माझा हात लागलेला आवडत नाही."

 मग सुनेला हसू फुटलं. तिने पर्स खुर्चीवर टाकली, बाह्या वर केल्या आणि समोर बसली. "बरं, दाखवा. कुठे मेलंय ते?"

बाईंनी तिच्या हातात मीटरची दोन टोकं दिली आणि काटा कसा उडतो ते तिलाच करून बघायला लावलं. तिने तीनदा केलं. दुकानदाराने काउंटरवरून लांबूनच सांगितलेली गोष्ट आता तिच्या हाताखाली दिसत होती.

"बदलता येईल?"

"येईल. पण हे झाकण निघालं पाहिजे. तीन बोल्ट सुटतील असं वाटतंय. हा चौथा मात्र क्षार चढून चिकटलाय."

"आणा इकडे." सुनेने पाना घेतला आणि बोल्टावर लावून उभी राहिली.

"थांब!" बाई इतक्या जोरात म्हणाल्या की सुनेचा पाय सवयीने ब्रेक दाबल्यासारखा खाली आपटला. "जोर करायचा नाही. मान मोडली बोल्टाची, तर भांडंच गेलं. गंज सोडवायचं तेल घालू आणि झाकून ठेवू. आजचा दिवस, उद्याचा, लागला तर परवाचा."

"तीन दिवस? एका बोल्टासाठी?"

बाईंनी रांगेतला एक स्क्रू सरळ केला. मग म्हणाल्या, "मी एकदा मोडलाय." त्यांनी दाराकडे बघितलं, जणू तळघरातलं कुणी अजून ऐकत होतं. "नोकरीच्या तिसऱ्या वर्षी. यंत्राच्या दाराचा बोल्ट होता. मला घरी जायची घाई होती, तुझा नवरा लहान होता, त्याला ताप आला होता. दिला जोर. कटकन मोडला. दोन दिवस यंत्र बंद. अकरा ऑपरेशनं पुढे ढकलली. सगळे म्हणाले, जुना झाला होता, मोडला. मी काही बोलले नाही. आजपर्यंत कुणालाच सांगितलं नाही."

"यांनासुद्धा नाही?"

"त्याला तर नाहीच. त्याच्या तापामुळे झालं असं वाटेल त्याला."

सुनेने पाना चादरीवर जागच्या जागी ठेवला. मग तीही म्हणाली, "मी गाडी चालवण्याच्या परीक्षेत तीनदा नापास झालेय. शिकवण्याच्या नाही हो, साध्या. तिसऱ्यांदा तर परीक्षक गाडीतून उतरून चालत गेले." तिने तोंडावर हात ठेवला. "आणि मी भिंतीवर परवाना फ्रेम करून लावलाय."

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी बोल्टावर तेलाचे चार थेंब सोडले आणि वर फडकं झाकलं.

मशीनच्या बुडाला मॉडेलचा नंबर होता. त्यावरून सुनेने त्याच रात्री जेवता जेवता फोनवर एलिमेंट शोधलं. बाईंनी बजावलं, "झाकणाखालची रबराची रिंगही मागव."

"जुनी चांगली दिसतेय की."

"एकदा दाबली गेलेली रिंग पुन्हा नीट बसत नाही. मागव."

बोल्ट तिसऱ्या दिवशी सुटला. सुनेने सोडवला, बाईंनी शेजारी उभं राहून सांगितलं तसा, पाव फेरा पुढे, त्याच्या निम्मा मागे, पुन्हा पुढे. सुटल्याचं हाताला कळलं तेव्हा ती आनंदाने अशी ओरडली की शेजारच्यांनी भिंतीवर टकटक केली. झाकण उचललं. एलिमेंटचं वेटोळं बाहेर आलं. त्यावर पांढरा थर चढला होता आणि एका वळणावर काळा डाग पडून धातू उकलला होता.

बाईंनी ते उजेडात धरलं. "हे म्हातारं होऊन मेलेलं नाही. कोरडं तापलंय. कुणीतरी वाफ काढत बसलं, भांडं रिकामं झालं, आणि मशीन तसंच चालू राहिलं."

"मी कधीच असं करत नाही," सून म्हणाली. "मी आधी टाकी बघते."

सोफ्यावर बसलेला मुलगा अचानक उठला. "मी जरा खाली जाऊन येतो. पेपर... पेपर आणायचाय."

"संध्याकाळी सात वाजता?" सुनेने विचारलं.

"तू बाहेरगावी गेली होतीस ना, त्या दिवशी," तो दारातून म्हणाला. "मला नुसता दुधाचा फेस करून बघायचा होता. पाच मिनिटं. फार तर दहा." आणि तो जिना उतरूनही गेला.

सामान आठवड्याने आलं. रविवारी सकाळी नाश्ता आवरून तिघेही टेबलाशी बसले. मुलाला पेपर आणण्याचं प्रायश्चित्त म्हणून क्षार घासायचं काम मिळालं. त्याने लिंबाच्या फुलाच्या पाण्यात भिजवलेलं पितळी भांडं जुन्या ब्रशाने आतून घासून काढलं. बाईंनी नव्या एलिमेंटला आधी मीटर लावलं. दोन टोकांमध्ये चव्वेचाळीस ओहमच्या आसपास, धातूशी काहीच नाही. "शहाणं आहे," त्या म्हणाल्या.

रिंग बसली. झाकण बसलं. बोल्ट आवळताना बाईंनी सुनेला समोरासमोरचे दोन धरायला सांगितले, मग दुसरे दोन, थोडे थोडे. एक वॉशर टेबलावरून घरंगळला आणि दिसेनासा झाला. दोघी खाली वाकून शोधत होत्या. मुलगा उभ्यानेच म्हणाला, "फ्रीजच्या पुढच्या पायाजवळ, डावीकडे." तिथेच होता. दिवसभर बारीक स्क्रू हाताळणाऱ्या माणसाची नजर. त्याला घरात जरा मान परत मिळाला.

तारा आकड्यांप्रमाणे लागल्या. सुनेने प्लग लावला आणि तिचं बोट बटणाकडे गेलं.

"पाणी," बाई म्हणाल्या.

"हो! पाणी."

टाकी भरली. नुसता पंप चालवून नळीतून पाण्याची धार आली, म्हणजे भांडं भरलं. मग गरम करायचं बटण.  मुलगा मेनच्या पेटीखाली जाऊन उभा राहिला होता.

वीज गेली नाही. दिवा लागला. मशीनमधून ओळखीचा सूक्ष्म आवाज सुरू झाला, आणि पाठोपाठ टप, टप. झाकणाच्या कडेने पाणी गळत होतं.

"गेलं," सून म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

"काही गेलेलं नाही. बंद कर. प्लग काढ."

"मग आत्ताच आवळू या ना!"

"गरम असताना नाही. एक तास."

तो तास सुनेने घरात येरझाऱ्या घालून काढला. बाईंनी मटार सोलले. तासाने भांड्याला हात लावून बघितला, आणि गळत होतं त्या बाजूचा बोल्ट पाव फेऱ्याने आवळला, मग त्याच्या समोरचा. झाकण कोरडं पुसलं, वर कागदाचा रुमाल ठेवला. पुन्हा पाणी, पुन्हा पंप, पुन्हा बटण. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रुमाल कोरडा राहिला.

तेव्हा कुठे सुनेचा जीव भांड्यात पडला. तिने कॉफी दळली, दाबली, लावली. दाट काळी धार उतरली. पहिला कप तिने दोन्ही हातांनी बाईंच्या पुढे धरला.

बाईंनी आयुष्यात कधी एस्प्रेसो प्यायली नव्हती. त्यांनी एक घोट घेतला. थोडा वेळ तोंडातच ठेवला.

"कशी आहे?"

"वाफ उत्तम आहे," बाई म्हणाल्या.

"आणि कॉफी?"

"अगं, जळलेली लागतेय. तू हे रोज मुद्दाम पितेस?"

सोमवारी सुनेने रडलेल्या बँकेतल्या बाईंना आणखी एक तास फुकट शिकवलं आणि घरी येऊन सांगितलं की त्यांनी गाडी मागे घेताना खांबाला फक्त स्पर्श केला.

त्याच आठवड्यात बाई जुनं एलिमेंट पिशवीत घालून त्या दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. भांडायलाच गेल्या होत्या. दुकानदार पन्नाशीचा, थकलेला माणूस होता. त्याच्या मागच्या फळीवर किटल्या, इस्त्र्या आणि पाण्याचे हीटर छतापर्यंत रचलेले होते.

"तुम्ही म्हणालात, असल्या मशीनचं कोण बदलत बसणार," बाई म्हणाल्या. "हे बघा."

त्याने एलिमेंट हातात घेतलं, उकललेलं वळण बघितलं. "चौथा बोल्ट सुटला? या मशीनचा सुटत नाही कधी."

"तीन दिवसांनी सुटला."

"बाई, तीन दिवस मी कुठून आणू?" त्याने मागच्या फळीकडे हात केला. "एकटा आहे. सोपं तेवढं करतो, बाकीच्यांना नवं घ्या म्हणतो. मलाही बरं नाही वाटत."

बाईंचं भांडण तिथेच विरून गेलं. त्यांनी फळीवरची एक किटली उतरवली, उलटी केली, बूड बघितलं. "हिचं तर नुसतं कनेक्शन जळलंय."

"माहितीये."

"मग?"

"मग काय! बसता का?" दुकानदाराने विचारलं. तो गंमत करत होता, पण बोलता बोलता त्याने स्टूल पुढे सरकवलं होतं.

आता प्रेशरबाई आठवड्यातले तीन दिवस सकाळी त्या स्टुलावर असतात. तापणारं जे काही येतं ते त्यांच्याकडे. घरी मुलाने आधी थोडी कुरकुर केली, "आई, या वयात?" पण सुनेने त्याला पेपर आणायला पाठवलं. दुकानात येणाऱ्यांना बाई आधी एकच विचारतात, कोरडं तापवलं होतं का? निम्मे लोक नाही म्हणतात आणि दुसरीकडे बघतात. परवा एक गृहस्थ इस्त्री घेऊन आले आणि म्हणाले, उद्या लग्नाला जायचंय, आज संध्याकाळपर्यंत द्या. बाईंनी इस्त्री उघडली, आत बघितलं आणि म्हणाल्या, "परवा."

"अहो, पण लग्न उद्या आहे!"

"मग आज शेजाऱ्यांची घ्या," बाई म्हणाल्या आणि तारेला चिकटपट्टी लावून तिच्यावर एकचा आकडा लिहिला.